न बघता घेतलेला घोट

तिला सगळी गल्ली कातरबाई म्हणायची. केस कापण्याचा धंदा होताच, पण नाव पडलं होतं ते तिच्या तोंडावरून. खुर्चीत बसलेल्या बाईच्या गळ्याभोवती कापड बांधलं की हिच्या जिभेचा पट्टा सुरू व्हायचा, तो मानेवरचा शेवटचा केस झटकेपर्यंत थांबायचा नाही. कुठल्या डॉक्टरचा हात हलका, कुठला दुकानदार शिळा माल पुढे ढकलतो, कोण कुणावर रुसलंय, सगळं तिच्याकडे ताजं असायचं. मात्र खुर्चीत बसून कुणी मन मोकळं केलं तर ते त्या चार भिंतींबाहेर जायचं नाही. "मी केस कापते, कुणाची नाकं कापत नाही," असं ती म्हणायची. बायका तिच्याकडे यायच्या त्या निम्म्या केसांसाठी आणि निम्म्या बोलण्यासाठी.

लग्न तिने केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं, "केलं असतं हो, पण शेवटपर्यंत ऐकून घेणारा भेटलाच नाही."

वडिलांच्या आजारपणात त्यांचं सगळं तिनेच केलं, म्हणून जाताना त्यांनी घर तिच्या नावावर केलं होतं. पुढच्या खोलीत तिचं दुकान: एक मोठा आरसा, दोन खुर्च्या, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन. मागे स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. तिथे ती, तिचा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची नुकतीच शाळेत जायला लागलेली मुलगी अशी चौघं राहायची. भाऊ बस चालवायचा. दिवसभर हॉर्न ऐकून कान किटलेला तो गडी घरी येऊन म्हणायचा, "एकीच्या तोंडाला कुलूप नाही, आणि दुसरीच्या कुलपाला किल्ली नाही."

ही दुसरी म्हणजे भावजय. विचारल्याशिवाय बोलायची नाही, आणि विचारलं तरी थोडक्यात आटपायची. दुकानात बायकांचे केस धुणं, टॉवेल वाळत घालणं, खाली पडलेले केस झाडून काढणं हे तिच्याकडे होतं. नणंदेला ती जुन्या वळणाने "वन्सं" म्हणायची, आणि नणंद तिला लाडात असली की "भावजयबाई", नसली की नुसतं "अगं". दोघींमध्ये फार प्रेम होतं असंही नाही, वैर होतं असंही नाही. एका घरात दोन बायका वर्षानुवर्षं राहिल्या की एकमेकींच्या पावलांचा आवाज ओळखू यायला लागतो, तेवढी ओळख होती.

केसांच्या दुकानात बेसिन तुंबणं हे रोजचं दुखणं. जाळी लावा, तारेच्या आकड्याने केसांचा बोळा ओढून काढा, आठवडाभराने पुन्हा पाणी तिथल्या तिथे. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडेही तीच रड होती, म्हणून तिने एकदा नळी साफ करायच्या औषधाचा मोठा कॅन आणला आणि म्हणाली, "निम्मं तुम्ही घ्या, मला एवढं काय करायचंय?" त्या दिवशी सकाळी भावजयीने कॅनवरचं सगळं वाचलं. वाचायची तिला सवयच होती, साबणाच्या वेष्टनावरचंही ती वाचायची. मग कॅन परत द्यायचा म्हणून पिण्याच्या पाण्याची एक रिकामी बाटली घेतली आणि त्यात ते औषध ओतलं. दिसायला पाण्यासारखं, वासही जवळजवळ नाही. वर कागद चिकटवून लिहायचं होतं. कागद आणायला म्हणून ती वळली, आणि आतून दूध उतू गेल्याचा वास आला. बाटली बेसिनच्या कठड्यावर ठेवून ती आत पळाली. गॅस पुसला, भांडं घासायला टाकलं, तेवढ्यात मुलीची शाळेची वेळ झाली. कागद राहून गेला.

दुपार होत आली होती. खुर्चीत शाळेतल्या एक बाई बसल्या होत्या, केस ओले, मान खाली. कातरबाई त्यांना कुठल्याशा लग्नातली गंमत सांगत होती. बोलून बोलून घसा कोरडा पडला. तिची स्वतःची पाण्याची बाटली नेहमी त्याच कठड्यावर असायची. डोळे त्या बाईंच्या केसांवर, एका हातात कंगवा, आणि दुसरा हात सवयीने मागे गेला. अंगठ्याने झाकण फिरवलं. मोठा घोट घेतला.

पहिल्या क्षणी तिला वाटलं, साबणाचं पाणी आहे. बुळबुळीत. मग तोंडात विस्तव पेटला. तिने उरलेलं थुंकलं, पण निम्मं गेलं होतं. बाटली हातातून सुटली, ब्लाउजवर सांडली, तिथली कातडी पोळायला लागली. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजाच्या जागी नुसती हवा आली.

शाळेतल्या बाई किंचाळल्या. भावजय आतून धावत आली, खाली पडलेली बाटली पाहिली, आणि तिला सगळं कळलं. त्या क्षणी तिचा चेहरा कसा झाला ते कातरबाईने आरशात पाहिलं. पुढे कितीतरी दिवस डोळे मिटले की तिला स्वतःची आग आठवायची नाही, तो चेहरा आठवायचा.

भावजयीने दोन्ही हातांनी तिचा ब्लाउज टराटरा फाडला आणि तिला नळाखाली धरलं. छातीवर पाणी, तोंडात पाणी, "चूळ भरा, थुंका, चूळ भरा." आरडाओरडा ऐकून वरची शेजारीण मिठाचं पाणी घेऊन धावत आली. "पाजा हिला, घशात बोटं घाला, सगळं ओकून पडू दे!" तोवर आणखी दोघी दारात जमल्या होत्या, त्यांचंही तेच. "अगं ओकव तिला, बघतेस काय!"

जिचा आवाज कधी गल्लीने ऐकला नव्हता, त्या बाईने तो पेला हाताने उडवून लावला. "नाही! उलटी नाही करवायची! त्याच्यावर लिहिलंय!" वर येताना ते पुन्हा सगळं जाळत येतं, हे कॅनवरच्या बारीक अक्षरांत तिने सकाळी वाचलं होतं. शाळेतल्या बाईंनी रस्त्यावर उभं राहून टॅक्सी थांबवली. भावजय एका हातात नणंदेला आणि दुसऱ्या हातात तो कॅन धरून आत बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी कॅनवरचं नाव वाचलं आणि मग एकदम सगळे धावायला लागले. घसा आतून सुजत चालला होता, श्वास बंद पडायच्या आत नळी घातली. दुसऱ्या दिवशी तोंडातून कॅमेरा घालून आत पाहिलं. अन्ननलिका वरपासून खालपर्यंत भाजली होती. डॉक्टर भावाला म्हणाले, "उलटी करवली नाही ते फार बरं झालं. पण यापुढे रस्ता लांबचा आहे. जखम भरेल तशी नळी आतून आवळत जाईल." भावाला रस्ते कळायचे, हा रस्ता काही कळला नाही. तो नुसती मान हलवत राहिला.

भावजयीचे दोन्ही तळहात भाजले होते. तिने ते पदराखाली लपवून ठेवले होते. नर्सने सही घ्यायला पेन पुढे केलं तेव्हा ते तिला धरता आलं नाही, म्हणून कळलं.

असं काही झालं की पोलीस येतातच. एक वयस्कर हवालदार खाटेशी स्टूल ओढून बसले. कातरबाईला बोलता येत नव्हतं. जिने आयुष्यभर जगाला ऐकवलं, तिच्या तोंडाला आता कापूस लावला होता. हवालदारांनी समजूतदारपणे विचारलं, "बाई, मी विचारतो, तुम्ही फक्त हात हलवा. तुम्ही जाणूनबुजून घेतलंत का?" तिने हात आडवा हलवला. "कुणी दिलं का?"

प्रश्न साधा होता. पण त्याच्या आदल्याच दिवशी मावशी भेटायला येऊन गेली होती. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, आणि आईच्या मागे स्वतःला घरची मोठी समजणारी. ती कानाशी वाकून पुटपुटली होती, "भावजय ती भावजयच गं. बाटली नेमकी तुझ्या हाताशीच कशी? घर कुणाच्या नावावर आहे, ते विसरू नकोस." कातरबाईने तेव्हा डोळे मिटून घेतले होते. मावशीला वाटलं, पोरगी थकली. खरं म्हणजे ती विचार करत होती. तिला पक्कं माहीत होतं की भावजयीने मुद्दाम काही केलेलं नाही. आरशातला तसा चेहरा कुणाला खोटा आणता येत नाही. पण तरीही त्या खाटेवर पडल्या पडल्या, तहानेने जीव व्याकुळ होत असताना, पाण्याचा थेंब जिभेवर घ्यायची मनाई असताना, तिला एक क्षण असं वाटलं की राहू दे, नको हात हलवायला. होऊ दे थोडी चौकशी. बसू दे तिलाही थोडी झळ.

हवालदार वाट पाहत होते. दाराशी भावजय उभी होती, हातांना पट्ट्या, आत यायची हिंमत नाही. कातरबाईने हात उचलला, स्वतःच्या छातीवर ठेवला, आणि बाटली तोंडाला लावल्यासारखं करून दाखवलं. माझा हात. मीच.

"चुकून?" हवालदारांनी विचारलं. तिने मान हलवली. ते उठले, आणि दारातून जाताना भावजयीला म्हणाले, "पाण्याच्या बाटलीत भरू नये असं काही, ताई."

घरी आली तेव्हा कातरबाईच्या पोटाला बाहेरून नळी लावलेली होती. तोंडाने काही नाही. दूध, पेज, गाळलेलं पातळ अन्न, सगळं त्या नळीतून. भरवायचं काम भावजयीने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. सिरिंज धुवायची, कोमट अन्न हळूहळू सोडायचं, मग पाणी सोडून नळी साफ करायची. हातावरच्या जखमा भरल्या होत्या, तिथे आता गुलाबी, चकाकती कातडी होती. आणि हे सगळं करताना ती रडायची. रोज. आवाज न करता, नाक ओढत. "वन्सं, माझ्यामुळे झालं. मला माफ करा."

पहिल्या आठवड्यात कातरबाई तिच्या हातावर थोपटायची. दुसऱ्या आठवड्यातही. भाऊ म्हणायचा, "ताई, तिला जरा सांग ना, ती रात्र रात्र झोपत नाही." शेजारीण म्हणायची, "तुमच्या भावजयीकडे बघवत नाही हो, वाळून काडी झालीय." जो येईल तो तिच्याच जिवाची काळजी करत निघून जायचा. आजारी कोण आहे, असा प्रश्न पडावा अशी तऱ्हा.

घरात स्वयंपाक होतो की नाही हेच कळेनासं झालं. फोडणीचा वास येऊ नये म्हणून भावजय दार लावून उकडलेलं काहीतरी शिजवायची. भाऊ बाहेरच जेवून यायचा आणि तोंड पुसून आत शिरायचा. मुलगी एकदा हातात पाव घेऊन आली, आत्याला पाहिलं, आणि पाव पाठीमागे लपवला. माणूस गेल्यावर घर असं होतं. ही तर अजून बसली होती, जिवंत, खिडकीपाशी.

दुकान मात्र बंद ठेवायचं नाही असं भावजयीने ठरवलं होतं. गिऱ्हाईकं तुटली की तुटली. तिने स्वतःच कातर हातात घेतली. इतकी वर्षं पाहत आली होती, पण पाहणं वेगळं आणि कापणं वेगळं. एका बाईच्या कपाळावर तिने असा काही झुपका ठेवला की त्या बाईला घरी कुणी ओळखेना. बायका बोलायच्या नाहीत, डोक्याला रुमाल बांधून जायच्या आणि तरीही पुढच्या महिन्यात यायच्या. कातरबाई आतल्या दाराच्या फटीतून ते पाहायची. एकदा एका मुलीची वेणी कापताना डावीकडे तिरकी कातर चाललेली पाहून तिला इतकं हसू आलं की घशात कळ आली. खूप दिवसांनी आलेलं हसू होतं. आणि त्याच्या पाठोपाठ, कुठून कोण जाणे, राग आला.

राग होताच. पण त्याला बाहेर पडायला जागाच नव्हती. भावजय समोर आली की ती रडत असायची, आणि रडणाऱ्या माणसावर रागवायचं कसं? तिचे ते भाजलेले तळहात पाहिले की आलेला राग गिळावा लागायचा. आणि गिळणं म्हटलं तर तेच तिला जमत नव्हतं.

एका सकाळी सिरिंज भरताना भावजयीने पुन्हा सुरुवात केली, "वन्सं, मी मेले असते तर..."

"गप्प बस." कातरबाईचा आवाज फाटका होता, वाळूवरून काहीतरी ओढत न्यावं तसा. पण होता.

भावजय थांबली.

"रोज रडतेस. तू रडलीस की मी तुझी समजूत काढायची. भावाने सांगायचं, शेजारणीने सांगायचं, ताई तिला समजाव. माझी पाळी कधी येणार?"

"वन्सं, तुम्ही बोलू नका, घशाला..."

"घसा माझा आहे. ठेव ती सिरिंज. बस समोर. आज मला रागवायचंय."

भावजय बसली. आणि कातरबाई बोलली. मोठ्याने बोलता येत नव्हतं, मध्ये मध्ये दम लागत होता, पण जे इतक्या दिवसांत साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. पाण्याच्या बाटलीत विष भरतं का कुणी, अक्कल कुठे गहाण टाकली होती? एक कागद चिकटवायला किती वेळ लागतो? दूध उतू गेलं तर गेलं, दूध काय अमृत होतं? मला भात खायचाय. नुसता गरम भात, मीठ घालून. मला घटाघटा पाणी प्यायचंय. रात्री स्वप्नात मी पाणी पिते आणि जागी झाले की तोंडाला चव असते ती औषधाची. आणि तू रडतेस! रडायचा हक्क पहिला माझा आहे, तुला कुणी दिला?

भावजय मान खाली घालून ऐकत होती. मग एकदम तिने मान वर केली. डोळे कोरडे होते.

"न बघता कोण पितं हो, वन्सं?"

बोलणारीलाच आपण काय बोललो ते पाहून भीती वाटली. तिने तोंडावर हात ठेवला. पण कातरबाई रागावली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याशी माणसासारखं बोललं होतं.

"हं," ती म्हणाली. "तेही खरंच. पुढे बोल. आणखी काहीतरी आहे तुझ्या पोटात. रोजचं रडणं नुसतं माझ्यासाठी नव्हतं."

भावजयीने बराच वेळ पदराचं टोक पिळलं. "कठडा पोरीच्या हाताला येतो," ती शेवटी म्हणाली. "शाळेतून आली की ती पहिल्यांदा पाणी मागते. तुम्ही नसतं घेतलंत तर... तासाभराने ती आली असती. मला रोज वाटतं, तुम्ही प्यायलात म्हणून माझी पोर वाचली. तुमच्याकडे बघून मला बरं वाटतं, वन्सं. बरं वाटतं! आणि मग स्वतःची इतकी किळस येते की..."



 

"मला तरी काय वेगळं वाटतं मग?" कातरबाई म्हणाली. "दवाखान्यात पहिल्या दिवशी मला हेच सुचलं. बरं झालं, मी होते. पण एक सांगते. ते वाटतं म्हणून दुखायचं थांबत नाही. दोन्ही वाटतं. पोर वाचली याचं बरं वाटतं आणि तुझा राग येतो. दोन्ही एकदम."

"मग मी काय करू?"

"आज फोडणी दे. दार उघडं ठेवून. मला वास तरी घेऊ दे. आणि त्या मुलीची वेणी कापलीस ती काय होती? कातर धरायची तरी रीत आहे का? उद्यापासून मी खुर्चीशेजारी बसणार."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. भावजयीनेही पुन्हा मागितलं नाही. पण त्या दिवसापासून घरात भांडणं व्हायला लागली. आधी कधी होत नव्हती अशी, टॉवेलवरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून. भाऊ कामावरून आला की दाराशी थांबून ऐकायचा आणि म्हणायचा, "चालू आहे ना? मग ठीक आहे." मावशी पुन्हा एकदा आली आणि पुन्हा तोच कानमंत्र द्यायला वाकली. कातरबाईने तिला सरळ बसवलं आणि सगळ्यांसमोर, फाटक्या आवाजात म्हणाली, "मावशी, बाटली तिची होती आणि हात माझा होता. तिसरं कुणी नव्हतं. तू मध्ये शिरू नकोस." मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ती तेव्हापासून या विषयावर गप्प बसली.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. जखमा भरल्या आणि अन्ननलिका आवळली. सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांनी दवाखान्यात जायचं, गुंगीचं औषध घ्यायचं, आणि घशातून गुळगुळीत लांब दांडे घालून ती रुंद करून घ्यायची. आधी बारीक, मग त्याहून जाड. घरी आलं की चार दिवस बरे जायचे, पातळ पेज तोंडाने जायची, मग पुन्हा रस्ता अरुंद. कधी कधी आपलीच थुंकी अडकायची. कधी ती म्हणायची, बास, आता नाही जायचं. त्या दिवशी भावजय तिच्या चपला काढून समोर ठेवायची आणि काही न बोलता उभी राहायची. बोलत नसली तरी हटायची नाही.

मग हळूहळू मधले दिवस वाढत गेले. पोटाची नळी निघाली. मऊ भात, कुस्करलेलं केळं, अंड्याचा पिवळा भाग. एक घास इतका चावायचा की शेजारच्याचं जेवण उरकून हात धुऊन व्हायचे. मांसाचा तुकडा, कोरडा पाव हे पुन्हा कधी जमलं नाही. आवाजही पूर्वीचा परत आला नाही. ती आता हळू बोलायची, आणि खुर्चीतल्या बायका ऐकण्यासाठी मान मागे टाकायच्या. "मान सरळ, बाई, नाहीतर कान कापला जाईल," असं तिला सारखं म्हणावं लागायचं. निम्मी गिऱ्हाईकं आता भावजयीच्या खुर्चीत बसायची. तिचा हात बसला होता. बोलायची अजूनही कमीच.

दवाखान्यातल्या त्या वॉर्डात येणारी माणसं तीच तीच असायची. एकदा तिथे बाकावर एक तरुण बाई दिसली, मांडीवर दोन-अडीच वर्षांची मुलगी, ओठांच्या कडा भाजलेल्या, नाकात नळी. बाईच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. तिची सासू लांब भिंतीशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "नळी साफ करायचं औषध सिंकखाली ठेवलं होतं. पोरीच्या हाताला लागेल असं. आई असून." बाई ऐकत होती की नाही कळत नव्हतं. ती नुसती समोर पाहत होती.

कातरबाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही, म्हणजे तिच्या मानाने फारच बराच वेळ. मग तिने स्वतःचा गळा दाखवून विचारलं, "माझा आवाज ऐकून काय वाटतं?"

बाईने मान वळवली.

"मीही तेच प्यायले होते. मोठी बाई असून. आता भात खाते." मुलीच्या पायाला तिने हात लावला. "ही लहान आहे, हिचं अंग लवकर भरून येईल की नाही ते डॉक्टर सांगतील, मी काही डॉक्टर नाही. मी एवढंच सांगते, हिच्यासमोर सारखं रडू नका. ती मोठी होईल, तिला राग येईल तुमचा. तेव्हा तिला रागावू द्या. तुम्ही रडत बसलात तर ती बिचारी रागावणार कधी?"

बाईने मुलीला थोडं सरकवून घेतलं आणि बाकावर कातरबाईला नीट बसता येईल एवढी जागा केली.

भिंतीशी सासू अजून बोलतच होती. औषधांच्या खिडकीवरून परत येणाऱ्या भावजयीने ते ऐकलं. ती त्या सासूसमोर जाऊन उभी राहिली. "आजी," ती म्हणाली, "पाणी आणून देऊ का तुम्हाला? खूप वेळ बोलताय." सासूने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या तळहातांकडे, आणि गप्प झाली.

नर्सने कातरबाईला हाक मारली. आत जाता जाता तिने आपली पिशवी भावजयीकडे दिली आणि म्हणाली, "मला वेळ लागेल. तोवर हिच्यापाशी बस. आणि बोल जरा. नुसती बसू नकोस."

भावजय बसली. दार बंद होईपर्यंत कातरबाईला दिसत होतं, ती त्या बाईला काहीतरी विचारत होती. मुलीचं नाव विचारत असावी.